एक डिस्क कमी, एक रिमोट जास्त

हातातलं काम चालू असेल तर चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या वेळी आम्ही गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज बोलायचंय व्हिडिओ गेमवर. मोबाइलवरच्या नाही, टीव्हीला जोडायचं यंत्र असतं ना, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, त्याच्यावर खेळायच्या गेमवर. "हे आमच्या कामाचं नाही" म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही आधी असंच म्हणालो होतो.

झालं असं. आमच्या गटाच्या खजिनदार वहिनींचे धाकटे दीर मस्कतला नोकरीला आहेत. दिवाळीला आले तेव्हा घरासाठी प्लेस्टेशन ५ घेऊन आले. एवढा मोठा खोका, त्यात यंत्र, एक रिमोट, दोन वायरी. परत जाताना त्यांनी वहिनींच्या हातात दहा हजार रुपये ठेवले आणि सांगितलं, "दोन गेम घ्या. पण वहिनी, निवडायचे तुम्ही. पोरांच्या हातात पैसे देऊ नका." आणि ते गेले विमानात बसून. मागे घरात रोज भांडण.

वहिनींच्या घरात माणसं किती ते सांगतो, कारण पुढे त्याचं काम आहे. वहिनी आणि दादा, सासूबाई, नववीतला मुलगा, सहावीतली मुलगी, जाऊबाई आणि त्यांचं सहा वर्षांचं पोर. सात माणसं आणि एक रिमोट. तो रिमोट कोणाच्या हातात असायचा हे आम्ही सांगायला नकोच. मुलीला कधी दिलाच तर पाच मिनिटं, आणि तेवढ्यातही "तुला येत नाही, आण इकडे."

वहिनींनी हा विषय दहा तारखेच्या बैठकीत काढला. हप्ते गोळा झाले होते, चहा व्हायचा होता. मुलाने गेमची यादी लिहून दिली होती, तो कागद त्यांनी सतरंजीवर ठेवला. सगळी इंग्रजी नावं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. एक जण म्हणाली, "अहो, गेमवर बंदी आली ना आता?" तर आधी हे स्पष्ट करतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. पैसे लावा, जास्त पैसे जिंका, असल्या खेळांवर ती बंदी आहे. टीव्हीवर क्रिकेट किंवा गाड्यांची शर्यत खेळायची डिस्क दुकानातून विकत आणली तर तिला कोणी अडवत नाही.

दुसरी म्हणाली, "आपल्याला काय कळतंय त्यातलं? भावाला विचारा, दादांना विचारा." तिथे मात्र आम्हाला जुनी गोष्ट आठवली. आम्ही शाळेत होतो तेव्हा जत्रेतून किंवा तालुक्याच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम यायचा. पिवळी नाहीतर काळी कॅसेट, तिच्यावर मोठ्या अक्षरात ९९९ गेम लिहिलेले आणि आत तेच दहा-बारा गेम पुन्हा पुन्हा. मारिओ असायचा, रणगाड्यांचा असायचा, बदकं मारायचा असायचा. घरात भाऊ खेळायचे. आम्ही बहिणी मागे बसून बघायचो, आणि चित्र हललं की उठून अँटेना फिरवायला जायचो. बैठकीतल्या अर्ध्या बायकांची हीच कथा निघाली. एकीने तर सांगितलं, मारिओच्या पहिल्या फेरीतला प्रत्येक खड्डा तिला अजून पाठ आहे, आणि तिने तो गेम एकदाही खेळलेला नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की हा प्रश्न वहिनींच्या एकटीचा नाही. बियाण्याची पिशवी आणताना आपण मागची बाजू वाचतो, तारीख बघतो, शेजारणीला विचारतो. मग इथे काय वेगळं आहे?

एका ताईंची मुलगी पुण्याला शिकते. तिला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. तिने पहिली गोष्ट सांगितली ती डब्यावरच्या आकड्याची. गेमच्या डब्यावर खाली कोपऱ्यात एक रंगीत चौकोन असतो आणि त्यात आकडा. ३, ७, १२, १६ किंवा १८. युरोपात २००३ पासून ही पद्धत आहे, तिला पेगी म्हणतात, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या प्लेस्टेशनच्या डब्यांवर बहुतेक वेळा हाच शिक्का असतो. तेवढ्या वयाच्या आतल्या मुलाला हा गेम योग्य नाही, असा त्याचा अर्थ. काही डब्यांवर अमेरिकेची पद्धत असते, तिथे अक्षर असतं. ई म्हणजे सगळ्यांसाठी, टी म्हणजे तेरा वर्षांपुढे, एम म्हणजे सतरा वर्षांपुढे.

रंग ऐकून आम्हाला गंमत वाटली. ३ आणि ७ हिरव्या चौकोनात, १२ आणि १६ नारिंगी, आणि १८ लाल. आता तुम्हीच सांगा, असे रंग आपण कुठे बघतो? फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर. लाल त्रिकोण सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बाटलीवर लाल दिसलं की ती बाटली आपण पोरांच्या हाताला लागू देत नाही, उंच फळीवर ठेवतो. इथे मात्र पोरगं लाल चौकोनाचा डबा मागतं आणि आपण म्हणतो, जाऊ दे, खेळच आहे.

मुलाच्या यादीत पहिलंच नाव होतं ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह. पोरं त्याला जीटीए म्हणतात. २०१३ सालचा गेम, अजून खपतो. त्याच्यावर लाल चौकोनात १८. मुलगा चौदा वर्षांचा. आता नुसता आकडा बघून नाही म्हटलं असतं तर मुलगा म्हणाला असता, "तुम्ही बघितलाय का?" आणि ते खरंच होतं. म्हणून मुलीने सांगितलेली दुसरी युक्ती केली. यूट्यूबवर गेमचं नाव टाकायचं आणि पुढे गेमप्ले असा शब्द टाकायचा. जाहिरात बघायची नाही, जाहिरातीत सगळंच छान असतं. कोणीतरी प्रत्यक्ष खेळत असतं तो व्हिडिओ बघायचा, दहा मिनिटं. आम्ही सात बायकांनी एका मोबाइलवर डोकी घालून जीटीए बघितला. मोठं शहर, सुंदर रस्ते, समुद्र. आणि मग दुसऱ्याची गाडी ओढून घ्यायची, रस्त्यावरच्या माणसांवर घालायची, गोळ्या घालायच्या, पोलिस मागे लागले की पळायचं. तीन नायक आहेत, तिघेही पुरुष. बायका दाखवल्यात, पण कशा दाखवल्यात ते आम्ही रेडिओवर सांगणार नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आत्तींसमोर हा लावता येणार नाही." आमच्या मते हे माप चांगलं आहे. जो खेळ आजी खोलीत असताना लावता येत नाही, तो बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा खेळ नाही.

पण एक लक्षात ठेवा. हा आकडा गेममध्ये काय दाखवलंय त्याचा आहे, खेळायला किती सोपा त्याचा नाही. फुटबॉलच्या गेमवर ३ लिहिलेलं असतं, म्हणून तीन वर्षांच्या पोराला तो येईल असं नाही. त्यात दहा बटणं एकदम दाबावी लागतात. जाऊबाईंच्या पोरासाठी हिरवा रंग बघून फुटबॉल आणला असता तर ते रडत बसलं असतं.

आणि हिरव्या डब्यातही एक गळती असते. चौकोनाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या गेमच्या आत खरेदी आहे. म्हणजे डिस्क विकत घेतली तरी आत अजून दुकान आहे. खेळाडूंची पाकिटं, कपडे, बंदुका. पाकिटात कोण खेळाडू निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणजे जत्रेतल्या सोडतीसारखंच. यावर आम्ही जास्त बोलतो कारण आम्ही भाजलोय. आमच्या भाच्याने मोबाइलवरच्या एका गेममध्ये हिरे घेण्यासाठी आजोबांच्या खात्यातून दोन हजार तीनशे रुपये घालवले. एकदम नाही, शंभर-दीडशेने. आजोबांना वाटलं बँकेने कापले. बँकेत दोन हेलपाटे झाले तेव्हा कळलं. पोराला आपण चोरी केली असं वाटतच नव्हतं, त्याच्या दृष्टीने ते बटण होतं. चूक आमचीही, पासवर्ड त्याच्यासमोरच टाकायचो.

तर यंत्र घरात आलं की पहिलं काम हे करा. मोठ्या माणसाच्या नावाने खातं काढा, शक्यतो आईच्या. त्याच्या खाली मुलाचं वेगळं खातं, खऱ्या जन्मतारखेचं. मग मुलाच्या खात्यावर वयाची मर्यादा, रोज किती वेळ खेळायचं त्याची मर्यादा आणि खर्चाची मर्यादा लावता येते. खर्चाची शून्य ठेवा. अनोळखी माणसांशी बोलायची सोय असते, ती बंद ठेवा. आणि एटीएम कार्डाचा नंबर यंत्रात भरून ठेवूच नका. वहिनींच्या घरी हे सगळं सहावीतल्या मुलीने करून दिलं, वाचून वाचून, एका दुपारी. पासवर्ड वहिनींनी स्वतः टाकला आणि तो गटाच्या वहीत लिहिलेला नाही, हेही सांगून टाकतो.

आता डिस्क की डाउनलोड? हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. मोठे गेम पन्नास जीबीचे, काही शंभरच्या आसपासचे असतात. आपल्या मोबाइलचा रोजचा डेटा दीड जीबी. सगळा डेटा त्यालाच दिला तरी पन्नास जीबीला महिन्याहून जास्त दिवस लागतील, तोवर फोन कोणी उचलायचा नाही की काय? डिस्क असली तर बराचसा भाग तिच्यातूनच यंत्रात चढतो, वरची दुरुस्तीची फाइल तेवढी उतरवावी लागते. ती कुठे वाय-फाय असेल तिथे यंत्र नेऊन उतरवता येते. शिवाय डिस्क शेजारच्या घरी देता येते, बदलून घेता येते, कंटाळा आला की विकता येते. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. म्हणून यंत्र घ्यायच्या आधीच बघा, डिस्क घालायची फट आहे का. प्लेस्टेशन ५ मध्ये फट असलेलं आणि नसलेलं, दोन्ही येतात. एक्सबॉक्सचं सीरीज एस नावाचं स्वस्त यंत्र येतं, त्याला फटच नाही. स्वस्त म्हणून आणाल आणि मग इंटरनेटच्या मागे पळाल. आणि हो, यंत्रासाठी गटाचं कर्ज मागू नका. शेळीला देऊ, शिलाई मशीनला देऊ, याला आमचा गट हो म्हणणार नाही.

लाइट जाण्याचाही विचार करा. कसोटी सामना खेळायला बसलं आणि लाइट गेली तर पोर घर डोक्यावर घेतं. आपल्याला तीन-चार मिनिटांचे, फार तर वीस मिनिटांचे डाव असलेला खेळ बरा.

एवढी तयारी करून आम्ही चौघी जणी वहिनींबरोबर जिल्ह्याच्या गावी दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, पण त्याने पहिला डबा काढला तो जीटीएचाच. "ताई, सगळी पोरं हाच नेतात." वहिनींनी डबा फिरवला, लाल चौकोनावर बोट ठेवलं आणि परत दिला. मग आम्ही विचारलेला प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारला नव्हता. एका टीव्हीसमोर बसून एकदम किती माणसं खेळू शकतात? तो म्हणाला, "ऑनलाइन का?" आम्ही म्हटलं, ऑनलाइन नाही, सतरंजीवर. डब्याच्या मागे ते लिहिलेलं असतं, एक खेळाडू, एक ते दोन, एक ते चार. ऑनलाइनचा आकडा वेगळा लिहितात, त्याला फसायचं नाही. ऑनलाइन खेळायला बहुतेक गेमना वेगळी वर्गणी लागते आणि समोर बसलेल्या बहिणीला त्याचा काही उपयोग नाही.

तिथेच आमचा हिशेब बदलला. दहा हजारांत दोन नवे गेम येत होते, चार-पाच हजारांचा एक. पण रिमोट एकच राहिला तर कितीही चांगले गेम आणा, घरात खेळणारा एकच राहणार. म्हणून ठरलं, आधी दुसरा रिमोट घ्यायचा. तो महाग, जवळजवळ सहा हजार. प्लेस्टेशन ४ चा जुना रिमोट एक जण फुकट देत होता, पण ५ च्या गेमला तो चालत नाही. उरले चार हजार. आता दुकानदारानेच मार्ग सांगितला. प्लेस्टेशन ४ च्या बहुतेक डिस्क ५ वर चालतात, आणि जुन्या डिस्क स्वस्त मिळतात. मुलाच्या यादीत क्रिकेटचा गेम होता, ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचा, क्रिकेट २२ नावाचा. त्याची वापरलेली डिस्क दीड हजाराला मिळाली. डिस्क उजेडात धरून ओरखडे बघून घ्या, आणि दुकानात लावून दाखवायला सांगा.

दुसरा गेम आम्ही यूट्यूबवर बघून ठेवला होता. नाव ओव्हरकुक्ड. हिरवा चौकोन, चार जणांपर्यंत खेळता येतो. हा चक्क स्वयंपाकघराचा खेळ आहे. कांदा आणायचा, चिरायचा, पातेल्यात टाकायचा, सूप करपायच्या आत ताटलीत काढायचं, गिऱ्हाइकाला द्यायचं, उष्टी ताटली धुवायची. वर घड्याळ पळत असतं. एक जण चिरतो, एक जण धुतो, एकमेकांच्या आड आलं की दोघांचंही काम बिघडतं. बैठकीत हा दाखवला तेव्हा बायका म्हणाल्या, "दिवसभर तेच करतो, आता टीव्हीवरही तेच?" पण त्यात वाचायचं फार थोडं आहे, चित्र बघून कळतं, आणि डाव चार मिनिटांत संपतो. लहान पोरांसाठी वेळ वाढवून घ्यायची सोयही आहे. प्लेस्टेशन ५ ला त्याचे पहिले दोन्ही भाग एकाच डिस्कवर येतात. दुकानात नव्हती, आठ दिवसांनी मागवून दिली. वरचे थोडे पैसे वहिनींनी घातले.

अजून एक नाव आम्ही पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलंय. राजी. पुण्यातल्या लोकांनी बनवलेला गेम, २०२० मध्ये आला. त्यात राजी नावाची मुलगी राक्षसांशी लढत आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. एकट्याने खेळायचा आहे, म्हणून या वेळी घेतला नाही. पण मुलीने तो व्हिडिओ चार वेळा बघितला.

मुलगा दोन दिवस बोलला नाही. "आई, तू मला रिमोट आणलास का ताईला?" असं विचारलं त्याने. धाकट्या बहिणीला तो लाडाने ताई म्हणतो, त्या दिवशी लाडाने म्हणाला नव्हता. आणि आम्ही खोटं सांगणार नाही, जीटीए तो मित्राच्या घरी जाऊन अजून खेळतो. वहिनींना माहीत आहे. त्यावर त्यांच्या घरात अजून बोलणं चालू आहे.

पण गेल्या आठवड्यात आम्ही हप्त्याची वही घ्यायला वहिनींकडे गेलो, संध्याकाळची वेळ. दारातूनच आरडाओरडा. वाटलं भांडण लागलंय. आत बघतो तर टीव्हीवर ओव्हरकुक्ड, एक रिमोट वहिनींच्या हातात, एक दादांच्या. दादा गोंधळून कांदा घेऊन गोल गोल फिरतायत, आणि वहिनी ओरडतायत, "कांदा ठेवा खाली! ताटल्या संपल्या, ताटल्या धुवा आधी!" सासूबाई खाटेवरून मोजतायत, कारण घरचा नियम त्यांनी केलाय, तीन डाव झाले की रिमोट पुढच्या जोडीकडे. मुलगा हसून हसून आडवा झालेला. पुढची जोडी त्याची आणि बहिणीची होती. वहिनी आणि दादांना एकच चांदणी मिळाली. दादा म्हणाले, "एवढी घाई असते होय चुलीपाशी?" वहिनींनी काही उत्तर दिलं नाही, रिमोट मुलीकडे दिला आणि आमच्यासाठी चहा ठेवायला उठल्या. दादांनी त्यांना बसवलं आणि स्वतः गेले. चहा फार गोड झाला होता, पण आम्ही प्यायलो.

मुलीने क्रिकेटच्या गेममध्ये स्वतःचा संघ केलाय. त्या गेममध्ये बायकांचे सामनेही आहेत आणि आपल्या मनाने खेळाडू तयार करता येतात. सांगलीच्या स्मृती मानधनाला बघून बॅट हातात घेतलेल्या पोरी आता गावोगावी आहेत, ही त्यांतलीच एक. तिच्या संघात वर्गातल्या अकरा मुली आहेत, आणि सलामीला ती स्वतः. भावाने तिला पहिल्याच चेंडूवर बाद केलं तेव्हा त्याला वाटलं आता ती रिमोट टाकेल. तिने टाकला नाही. नियमाने अजून दोन डाव तिचेच होते.

तुमच्या घरी असं यंत्र आलं असेल, किंवा येणार असेल, आणि एखादा डबा हातात घेऊन काही विचारायचं असेल तर तुमच्या गटाच्या बैठकीत विषय काढा, नाहीतर केंद्रावर चिठ्ठी पाठवा. डब्याच्या मागचा फोटो काढून आणलात तर आणखी बरं. पुढच्या बुधवारी याच वेळेला आपण कांदाचाळीबद्दल बोलणार आहोत, खऱ्या कांद्याच्या. नमस्कार.